फूल येण्याआधी सांगणाऱ्या बाई

अंगठाबाईंच्या शेजारच्या टेबलावर मी सतरा वर्षं बसलो, आणि त्या बिनसाखरेचा चहा पितात हे मला त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या सासूबाईंकडून कळलं. सतरा वर्षं दुपारचा चहा मीच ओतत असे, प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालून. बाई तो मुकाट्यानं पीत. यावरून मी त्यांना किती ओळखत होतो ते वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. त्यांचं माहेर कुठलं, त्यांचे यजमान कसे होते, त्या कशाला हसत आणि कशाला घाबरत, यातलं मला फारसं सांगता येणार नाही. मला त्यांचा उजवा अंगठा चांगला ठाऊक आहे, आणि एका वर्षाची हकिकत. तीही मी कधी लिहिली नाही. माझा धंदा चित्रं काढायचा. पण या हकिकतीत माझं चित्रच आडवं आलं होतं, म्हणून आता लिहून पाहतो.

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातली आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट, उत्तरेला चार खिडक्या, त्यांच्या खाली एक सलग दगडी ओटा. ओट्यावर सूक्ष्मदर्शक, रंगांच्या बाटल्या, स्पिरिटचा दिवा, टिपकागदाचे तुकडे. खोलीत शिरलं की व्हिनेगरसारखा वास यायचा, आणि घरी गेल्यावर आमच्या कपड्यांना यायचा. इथं झाडांच्या पेशी पाहण्याचं काम चाले. पेशीच्या पोटात गुणसूत्रं असतात, म्हणजे बारीक धागे, निम्मे आईकडून आलेले, निम्मे बापाकडून, जोडीजोडीनं. ते दिसावेत म्हणून बाई काचा तयार करत, आणि काचेवर जे दिसे ते मी कागदावर उतरवी. फोटो काढायचं यंत्र होतं, पण ते वर्षातले आठ महिने दुरुस्तीला गेलेलं असे. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्यावर एक छोटा आरसा बसवलेला होता. त्यातून पेशी आणि कागद एकाच वेळी दिसत, आणि मी दिसेल ती रेघ गिरवत जाई.

बाई सातवी शिकलेल्या. इमारतीत आल्या त्या बाटल्या धुण्याच्या कामावर. तळमजल्यावर जिन्याखाली एक अंधारी खोली होती, तिथं दिवसभर नळ चालू आणि हात पाण्यात. चार वर्षं त्यांनी तिथं काढली. वर धुतलेल्या बाटल्या द्यायला येत तेव्हा दारात उभ्या राहून काचा करणाऱ्या म्हाताऱ्या सहायकाचे हात बघत. तो आजारी पडला त्या आठवड्यात त्यांनी विभाग चालवणाऱ्या सरांना विचारलं, "मी एक करून बघू का?" सर म्हणाले, "बघा, फुटली तर फुटली." त्यांची पहिलीच काच सरांनी दोन वेळा पाहिली. मग त्या वरच राहिल्या.

ती काच कशी करतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुळाचं कोवळं टोक कापायचं, तांदळाच्या दाण्याच्या निम्मं. ते सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यानच कापायचं, कारण तेव्हा त्यातल्या पेशी वाढत असतात. औषधात भिजवायचं, रंगात घालायचं, काचेच्या पट्टीवर ठेवून वर नखाएवढी पातळ काच. सुईच्या मागच्या टोकानं हलकेच टकटक. मग दिव्याच्या ज्योतीवरून तीनदा फिरवायचं आणि मनगटाच्या मागे लावून बघायचं, चटका बसेल-न-बसेल इतपत. वर टिपकागद, आणि त्यावर अंगठा. सरळ खाली. केसभर बाजूला सरकला की धागे फरफटतात, शेजारच्या पेशीतले येऊन मिसळतात. कमी दाबला तर सगळे एकमेकांवर बसतात, जास्त दाबला तर काच तडकते. बाई त्या वेळी श्वास रोखत. अंगठा उचलला की एकच शब्द बोलत, "बसलं" किंवा "गेलं". कित्येक दिवस आमचं एवढंच संभाषण होई.

विद्यार्थी आधी त्यांना मागून अंगठाबहाद्दर म्हणायचे, शिक्षण कमी म्हणून. मग त्यांच्या स्वतःच्या काचा फुटायला लागल्या, आणि एकेक जण "बाई, माझी एवढी दाबून द्या ना" म्हणत ओट्यापाशी यायला लागला, तसं बहाद्दर गळून पडलं आणि अंगठाबाई राहिलं. बाईंना ते माहीत होतं. एकदा एका लांब केसांच्या विद्यार्थ्याला म्हणाल्या, "माझा अंगठा तुला हवा तर घेऊन जा, पण परीक्षेला तुझं डोकंच न्यावं लागेल." खोलीत सगळे हसले, तोही हसला.

आता त्या वर्षाचं. सरांनी तोंडलीचा वेल अभ्यासाला घेतला होता. बहुतेक झाडांत एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण तोंडलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. मादीच्या कळीच्या मागे पहिल्यापासून बोटाच्या पेराएवढं हिरवं तोंडलं दिसतं, नराच्या कळीमागे नुसता देठ. भाजीसाठी लावणारे मादीच्याच वेलाच्या कांड्या लावतात. नराचा वेल फुकट जागा अडवतो म्हणून उपटून टाकतात. सरांनी मुद्दाम तो कुंपणावर वाढवला होता. वेल नर होणार की मादी, हे गुणसूत्रांची कुठली जोडी ठरवते, हे त्यांना शोधायचं होतं. माणसात तशी एक जोडी असते. बायकांत तिचे दोन्ही धागे सारखे, पुरुषांत एक मोठा आणि एक लहान, झिजलेला. सर म्हणत, तोंडलीतही नराकडे असाच एखादा आखूड धागा सापडेल.

मादीच्या वेलाच्या काचा झाल्या, मी चित्रं काढली. चोवीस धागे, बारा जोड्या, सगळं सुरळीत. मग नराच्या. बाईंनी तीन काचा दिल्या, मी तीन पेशी काढल्या आणि सरांच्या टेबलावर ठेवल्या.

सरांनी पेन्सिलीच्या टोकानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"पंचवीस?" ते म्हणाले. "हा पंचविसावा कोण? आगंतुक?"

बाई हात पुसत आल्या. "चोवीसच आहेत, सर."

"मग हे काय काढलंय?"

बाईंनी माझं चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीला टोक करत होतो. त्या सरांना म्हणाल्या, "काचेवर चोवीस आहेत. त्यातला एक लांब आहे. दोघांएवढा."

"दोघांएवढा असेल तर ते दोनच असणार." सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ही काय मधे फट दिसतेय मला."

"आधी चित्र बघितलंत ना, सर, म्हणून दिसतेय."

सरांशी असं कोणी बोलत नसे. सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. ते म्हणाले, "बाई, माणसात, उंदरात, माशीत, बघावं तिथं नराकडचा हा धागा लहान असतो. आणि तुमच्या तोंडलीत तो फुगून दुप्पट झाला?"

"माझ्या कुठल्या, सर. कुंपणावरच्या."

कोणीतरी हसलं, आणि तेच नडलं. सर म्हणाले, "तुमचा अंगठा सरकतोय. शेजारच्या पेशीतला एक येऊन बसतो. तिन्ही काचांत एकच चूक, म्हणजे हाताला लागलेली खोड. वयाप्रमाणे व्हायचंच. तसंही पहिल्या तारखेपासून शिकलेली मुलगी येतेय. तुम्ही खाली बाटल्यांकडे बघा."

बाई म्हणाल्या, "नराच्या प्रत्येक वेलात तो लांब आहे, सर. मादीच्या एकातही नाही."

"कारण कुठला वेल नर ते तुम्हाला आधी ठाऊक असतं! मनात असतं तेच डोळ्याला दिसतं. एवढी खात्री असेल तर फूल येण्याआधी सांगून दाखवा."

आकाशातला चंद्र आणून दाखवा म्हणावं, तसं ते म्हणाले होते. बाईंनी ते कामासारखं घेतलं.

"किती रोपांचं सांगू?"

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "दोन डझन."

अशी ती गोष्ट ठरली. कुंपणावरच्या पिकल्या तोंडल्यांच्या बिया काढून चोवीस कुंड्यांत रोपं केली. लहान रोपाकडे बघून नर की मादी ते सरांनाही सांगता येत नसे आणि माळ्यालाही. फुलं यायला चार-पाच महिने लागणार होते. बाईंनी प्रत्येक रोपाच्या मुळाचं टोक घेऊन काच करायची, जे दिसेल ते कागदावर लिहायचं, कागद पाकिटात, पाकिटावर सरांची सही. फुलं आली की पाकीट उघडायचं. बाईंचं बरोबर निघालं तर त्यांनी खिडकीपाशी परत यायचं, चुकलं तर जिन्याखाली. सरांनी हे सगळ्यांदेखत मान्य केलं, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांना आपण जरा जास्त बोललो असं वाटायला लागलं होतं. पण शब्द गेला होता.

बाईंना ओट्यावर रोज एक तास मिळे, दहा ते अकरा. मग खाली. त्या एका तासात त्या आदल्या दिवशी कापून भिजत घातलेली टोकं दाबत आणि आणखी एक-दोन कुंड्या घेत. कुंडी आडवी करून, तळाच्या भोकातून डोकावलेलं मूळ टोकाशी कापत. इतक्या हलक्या हातानं की एकही रोप त्यामुळे सुकलं नाही. मी शेजारी बसून पानांची चित्रं काढत होतो. त्या कधी "बसलं" म्हणत, कधी "गेलं". "गेलं" म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी तीच कुंडी परत. विसाव्या क्रमांकाच्या कुंडीला त्या चार दिवस लागून होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल असलं तरी त्याशिवाय बाई कळणार नाहीत. ती फट मी काढली होती. तो लांब धागा आरशातून मला अखंडच दिसला होता. पण एवढा लांब धागा असत नाही, हे दोन जुळून बसलेत, असं माझ्या मनानं घेतलं आणि हातानं मधे बारीक जागा सोडली. पुढच्या दोन पेशींत मला ती जागा खरंच दिसायला लागली. सर अंगठ्याला बोल लावत होते तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

महिना गेला. एका शनिवारी बाई कामावर आल्या नाहीत, सोमवारीही नाही. कुंड्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून सरांनी मला पाठवलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं, मागे छोटं अंगण, अंगणात सासूबाईंच्या सात-आठ कोंबड्या. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. सासू-सून दोघीच राहत. बाईंना ताप होता, त्या मागच्या पायरीवर शाल घेऊन बसल्या होत्या. सासूबाई दाणे टाकत होत्या.

"या, या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच का ते चित्र काढणारे? हिच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे ऐकलं असं नाही, ही बोलते कुठे! पण एकदा म्हणाली होती, शेजारी एक आहेत, तेही बोलत नाहीत."

बाई म्हणाल्या, "आई, त्यांना बसू तर द्या."

"बसू दे की. मी काय धरून ठेवलंय? मला एक सांगा हो, ही काचेत बघून सांगते म्हणे, नर कोण, मादी कोण. पगार मिळतो त्याचा. मी कोंबडीच्या पिलाची शेपटी बघून सांगते, मला कोणी दमडी देत नाही."

"तुमचं निम्म्या वेळा चुकतं, आई."

"तुझं तरी कुठे फूल आलंय अजून?"

बाई तापातही हसल्या. मग मला म्हणाल्या, "सर एकदा सांगत होते, कोंबड्यांत आपल्या उलट असतं. ती विजोड जोडी मादीकडे असते. पिलू नर की मादी, ते कोंबडीकडून ठरतं. कोंबड्याच्या हातात काही नाही."

सासूबाईंनी दाण्याचं सूप खाली ठेवलं. "म्हणजे तिथं सगळं बाईच्या हातात, आणि आरवतो मात्र तो! बरं आहे बाई." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी किल्ली घेतली. उठायला हवं होतं. मी म्हणालो, "बाई, ती फट माझी आहे. काचेवर नव्हती."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"चित्र बघितलं तेव्हापासून. काच मी आधी बघते ना, तुम्हाला द्यायच्या आधी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

बाईंनी शाल ओढून घेतली. "काय बोलू? तुमचा हात चुकला म्हणाले असते तर सरांनी मला सोडून तुम्हाला धरलं असतं. तो लांब धागा तिथंच राहिला असता, कोणाला न पटलेला. आणि माझं ऐकलं असतं तर माझ्या शब्दावर, तुमचं ऐकलं असतं तर तुमच्या. त्यापेक्षा वेलालाच विचारू. त्याला आपल्यातलं कोणीच ओळखीचं नाही."

"मी उद्या सरांना सांगतो."

"आता नका सांगू. फुलं येऊ देत. आत्ता सांगितलंत तर ते म्हणतील, बाईनं पढवलं."

आतून सासूबाई ओरडल्या, "साखर किती?" बाईंनी माझ्याकडे बघून "दोन" असं सांगितलं. माझ्यासाठी, असं मला तेव्हा वाटलं, आणि ते खरंही होतं. त्यांच्या कपात काय होतं ते मी पाहिलं नाही.

फुलं यायला लागली तेव्हा बाईंना जिन्याखाली पाच महिने झाले होते. पाण्यात राहून अंगठ्याची कातडी पांढरी पडली होती, आणि त्या ती मधूनमधून तर्जनीवर घासून बघत. एका कुंडीतलं रोप गोगलगायींनी खाल्लं. उरली तेवीस. पहिली कळी सातव्या कुंडीत आली, मागे नुसता देठ, म्हणजे नर. मग रोज एक-दोन. सर सकाळी आले की आधी कुंड्यांकडे जात, टोपी न काढता. एकोणीस कुंड्या फुलल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी बाईंना वर बोलावलं आणि खणातून पाकीट काढलं.

"उघडू या का? चार राहिल्यात, त्या काय येतीलच."

"चार येऊ देत, सर," बाई म्हणाल्या.

"अहो, एकोणीस म्हणजे पुष्कळ झाले."

"तेवीस ठरले होते. चोवीस ठरले होते खरं म्हणजे."

सरांनी पाकीट परत खणात ठेवलं. पुढे दोन आठवडे आम्ही चार कळ्यांची वाट पाहिली. एवढी वाट मी माझ्या मुलीच्या निकालाचीही पाहिली नव्हती.

तेविसावी फुलली त्या सकाळी सर, बाई, नवीन आलेली शिकलेली मुलगी आणि मी कुंड्यांच्या खोलीत उभे होतो. मी प्रत्येक कुंडीपाशी जाऊन कळीमागे बघून सांगायचं, सरांनी कागदाशी ताडायचं, असं ठरलं. मी म्हणालो, "एक. मादी." सर म्हणाले, "मादी." "दोन. मादी." "मादी." "तीन. नर." "नर." पाचव्या-सहाव्यापर्यंत सरांचा आवाज नेहमीचा होता. दहाव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं पदराची कड चुरगाळत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"वीस," मी म्हणालो. "नर."

सरांनी कागद जवळ नेला, लांब नेला.

"बाई, इथं तुम्ही 'दिसलं नाही' असं लिहिलंय."

"हो, सर."

"चार दिवस घेतलेत ना याला?"

"घेतले. पेशी नीट पसरलीच नाही. धागे एकावर एक होते."

"मग काहीतरी लिहायचं. नर किंवा मादी. अंदाजानं लिहिलं असतं तरी निम्मी शक्यता होती बरोबर यायची."

"अंदाज तुम्हीही केला असता, सर. तुम्ही मला दिसतं का ते विचारलं होतं. नाही दिसलं."

सरांनी त्या ओळीपुढे पेन्सिलीनं खूण केली. मग म्हणाले, "पुढचा."

पुढचे तीनही जुळले. तेविसांतली बावीस बरोबर आणि एक 'दिसलं नाही'. नवीन मुलीनं टाळी वाजवायला हात वर केले आणि कोणीच वाजवत नाही बघून खाली घेतले. मी म्हणालो, "सर, त्या तिन्ही चित्रांतली फट माझी आहे. काचेवर ती नव्हती." माझा आवाज फार लहान निघाला, पण सरांनी ऐकला.

ते तडक वर गेले, जुन्या तीन काचा काढल्या आणि सूक्ष्मदर्शकावर लावल्या. चित्र जवळ नव्हतं. बराच वेळ डोळा लावून बसले. मग डोळा न काढताच म्हणाले, "अखंड आहे. अरे, अखंडच आहे हा." आवाज एखाद्या मुलाला पतंग सापडावा तसा होता. मग त्यांनी मागे वळून बघितलं. "बाई, तुमचा अंगठा सरकला नव्हता. मी चुकलो. उद्यापासून तुमच्या जागी बसा. आणि यापुढे मला आधी काच दाखवायची, चित्र मागाहून."

तो नियम सर असेपर्यंत त्या खोलीत चालला. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत, आधी काच, मागाहून चित्र.

पुढे कधीतरी दुपारच्या चहाला सरांनी आम्हाला समजावून सांगितलं. मला समजलं तेवढं लिहितो. ही जोडी मुळात सारखीच असते, बाकीच्या जोड्यांसारखी. जोडीतले धागे एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एकात झालेली चूक दुसऱ्याकडून भरून निघते. मग केव्हातरी एका धाग्यावर नर ठरवणारा गुण येऊन बसतो. तो गुण वेगळा राहावा म्हणून त्या भागातली देवाणघेवाण थांबते, आणि हळूहळू हा भाग वाढत जातो. थांबली की दुरुस्ती होत नाही, चुका साचत जातात, धागा झिजतो. माणसात ही वाट फार जुनी आहे, म्हणून आपल्यात तो एवढासा राहिलाय. झाडांत ती बऱ्याच ठिकाणी नव्यानं, स्वतंत्रपणे सुरू झाली. पपईत तर इतकी नवी आहे की दोन्ही धागे अजून डोळ्यांना सारखेच दिसतात. काही कासवांत असली जोडीच नसते, अंडं किती उबेत राहिलं त्यावर सगळं ठरतं.

"पण मग तोंडलीत झिजायचं सोडून वाढला कसा?" मी विचारलं.

सर म्हणाले, "तेच तर. झिजण्याच्या आधी बहुधा तो फुगतो. निरुपयोगी मजकूर त्यात परत परत भरला जातो आणि काढून टाकणारं कोणी नसतं. मला हे सुचायला हवं होतं."

बाई कप घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोली बंद करून ठेवली की तसंच होतं, सर. आधी सगळ्यांची अडगळ तिथं जाते. छप्पर पडतं ते नंतर."

सरांनी कप खाली ठेवला. "हे मी माझ्या व्याख्यानात घेऊ का?"

"घ्या की. अडगळच आहे."

सरांनी ते घेतलं. लेख छापून आला तेव्हा शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत, काचा करणाऱ्या बाईंचे आभार नावानिशी होते. सासूबाईंनी ते पान आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "वाचा, शेवटून वाचा" असं सांगत राहिल्या. माझी चित्रं त्यात नव्यानं काढलेली होती. नव्या चित्रात तो लांब धागा मी एका दमात, पेन्सिल न उचलता काढला, आणि बाईंनी काच आणि कागद दोन्ही बघून "बसलं" म्हटलं. मला मिळालेल्या शाबासक्या थोड्या आहेत, त्यातली ही मी जपून ठेवली आहे.

शिकलेल्या मुलीला बाईंनीच काच करायला शिकवलं. त्या मुलीच्या पहिल्या चाळीस काचा गेल्या, बाईंनी चाळीसही वेळा "गेलं" एवढंच म्हटलं, रागावल्या नाहीत. एक्केचाळिसावी बसली. बाई मग आणखी अकरा वर्षं खिडकीपाशी बसल्या. त्या काळात त्यांनी किती काचा केल्या, मोजल्या नाहीत. पण ज्यांवर 'दिसलं नाही' अशी चिठ्ठी असे त्या काचा त्यांनी कधी टाकून दिल्या नाहीत. त्यांची वेगळी पेटी होती. मला ती पेटी इतर पेट्यांपेक्षा मोलाची वाटे, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्यांच्या निवृत्तीनंतर मी वर्षातून दोन-तीनदा त्यांच्याकडे जाई. सासूबाई होत्या तोवर गप्पांची चिंता नसे. साखरेचं त्यांनीच फोडलं. "अहो, ही बिनसाखरेचा पिते जन्मापासून, आणि तुम्ही सतरा वर्षं तिला पाक पाजलात!" बाई नुसत्या "आई!" म्हणाल्या. पुढे सासूबाई गेल्या, कोंबड्या शेजाऱ्यांकडे गेल्या. बाईंच्या डोळ्यांत पडदा आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं ते नीट झालं नाही. घरात त्या हातानं चाचपडत पण बरोबर चालत. मागच्या पायरीशी डब्यात त्यांनी बी पेरून तोंडलीचा एक वेल वाढवला होता. शेजारीण म्हणे, नर निघाला तर काय उपयोग, कांडी आणून लावायची होती. बाई म्हणत, "निघेल तो निघेल. आता मलाही फूल येईपर्यंत थांबावं लागतं, सगळ्यांसारखं."

त्या गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. त्याच्या आधीची भेट शेवटची, हे तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं. आम्ही मागच्या पायरीवर बसून चहा घेतला, त्यांचा बिनसाखरेचा. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "वेलाला कळी आलीय असं वाटतं. हाताला लागली सकाळी. बघा बरं."

मी कुंपणापाशी जाऊन बघितलं. "आलीय. एकच आहे, कुंपणावर चढलेल्या फांदीला, पानांत."

"मागे तोंडलं आहे का?"

"दिसत नाही."

"दिसत नाही, की नाहीये?"

मी परत बघितलं. "दिसत नाही. पानाआड आहे."

"मग असू दे, ओढू नका, तुटेल. पुढच्या वेळी याल तेव्हा बघा."

"बघतो," मी म्हणालो.

"आणि दार ओढून घ्या जाताना. कडी नीट बसत नाही."